निकालाचा फलक आणि पटावरची मुलं

मे महिना आला की आपल्या गावात आंब्याच्या पेट्यांबरोबर आणखी एक माल येतो, तो म्हणजे शाळांचे फ्लेक्स. टिळकवाडीपासून वडगावपर्यंत जिथे जागा मिळेल तिथे ते लागतात. वर संस्थाचालकांचा मोठा फोटो, खाली पासपोर्ट आकाराची पोरंपोरी आणि मधोमध लाल अक्षरांत 'एस.एस.एल.सी. निकाल १०० टक्के'! मग गल्लीत, लग्नात, बसमध्ये एकच विषय. आमच्या गल्लीतल्या इस्त्रीवाल्या मामांनी परवा कपडे देता देता विचारलंच, "अक्कार, नम्म हुडुगग याव साली चलो?"

कॉलेजात शिकवणाऱ्या बाईला सगळं ठाऊक असतं अशी त्यांची समजूत. मी अर्थशास्त्र शिकवते, आणि बी.ए.च्या मुलांना थोडंफार संख्याशास्त्रही शिकवावं लागतं. त्यामुळे टक्का दिसला की तो कशाचा आणि कुणाकुणाचा, असे दोन प्रश्न आधी मनात येतात. चाळून घेतलेला गहू स्वच्छ दिसतो, त्यात जात्याचं कर्तृत्व ते काय?

माझ्या ओळखीच्या एका घरातली मुलगी गणितात कच्ची होती. नववीच्या शेवटी शाळेने आईवडिलांना बोलावून, गोड बोलून, टी.सी. हातात ठेवली. पुढच्या वर्षी त्या शाळेचा निकाल शंभर टक्के लागला, फलकही लागला. मुलगी दुसऱ्या, साध्याशा शाळेतून ५२ टक्क्यांनी पास झाली. तिथल्या मास्तरांनी तिच्यावर जी मेहनत घेतली ती कुठल्याच फलकावर आली नाही, कारण तिथे दोन मुलं नापास झाली होती. आता सांगा, यातली 'चलो' शाळा कुठली?

शाळा चांगली म्हणजे मुलं मुळात चांगली, की शिकवणं चांगलं? हा प्रश्न जुनाच आहे. पण त्याचा नेटका हिशेब मांडण्याची एक संधी अमेरिकेतल्या चार्टर शाळांमुळे मिळाली, आणि ती गोष्ट आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना विशेष जवळची आहे, म्हणून आज ती सांगते. माझ्यापर्यंत ती आली एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. ती खानापूर तालुक्यातली, नवरा धारवाडचा, मुक्काम गेली काही वर्षं बॉस्टनच्या उत्तरेला. मुलगा पाचवीत जायचा म्हणून तिने तिथल्या दोन-तीन शाळांची सरकारी माहितीपत्रकं मला पाठवली आणि लिहिलं, "मॅडम, तुम्ही आम्हाला तक्ते वाचायला शिकवलं होतं, आता हे वाचून दाखवा!"

चार्टर म्हणजे सनद. सरकार एखाद्या संस्थेला ठरावीक मुदतीची सनद देतं, मॅसॅच्युसेट्समध्ये ती पाच वर्षांची असते. संस्था शाळा चालवते, पैसा सरकारचा, फी नाही. आपल्याकडच्या अनुदानित शाळेची ही चुलत बहीणच म्हणा. फरक असा की काम समाधानकारक नसेल तर सनद काढून घेता येते, आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर मुलाखत, डोनेशन, ओळखपाळख काही न करता चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. १९९१ साली मिनेसोटा राज्याने असा पहिला कायदा केला, १९९२ साली त्याच राज्यातल्या सेंट पॉल गावी पहिली शाळा निघाली. आज अमेरिकेतल्या सरकारी खर्चाने शिकणाऱ्या दर शंभर मुलांपैकी सातेक मुलं अशा शाळांत आहेत.

या चिठ्ठ्यांचंच महत्त्व आहे. एरवी एखाद्या नावाजलेल्या शाळेतल्या मुलांची तुलना शेजारच्या शाळेतल्या मुलांशी केली, तर कुणीही म्हणेल की अहो, तिथे अर्ज करणारे पालकच जागरूक, त्यांची मुलं कुठेही शिकली असती. खरं आहे. पण दोनशे पालकांनी अर्ज केले आणि शंभर मुलांची चिठ्ठी निघाली, तर? जागरूक दोघेही. हौस, धडपड, घरची शिस्त दोन्हीकडे सारखीच. फरक फक्त नशिबाचा. मग दोनतीन वर्षांनी चिठ्ठी लागलेल्या आणि न लागलेल्या मुलांचे गुण शेजारी शेजारी मांडले की शाळेने नेमकं काय केलं ते उघडं पडतं. चिठ्ठी लागूनही जे गेले नाहीत किंवा मध्येच सोडून गेले, त्यांनाही 'लागलेल्यां'तच धरायचं. गळालेली मुलं वगळून निकाल फुगवायला इथे वाव नाही.

अशा हिशेबाचं मला सगळ्यात आवडलेलं उदाहरण लिन गावचं आहे. बॉस्टनपासून दहा-बारा मैलांवर समुद्रकाठचं हे गाव एकेकाळी बुटांसाठी प्रसिद्ध होतं, आपलं अथणी जसं चपलांसाठी. बुटाचं वरचं कातडं साच्यावर ताणून तळाला जोडायचं किचकट काम करणारं यंत्र याच गावात यान मात्सेलिगर या कामगाराने शोधलं, १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. तो दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनाममध्ये जन्मलेला, वर्णाने काळा, अमेरिकेत आला तेव्हा इंग्रजी जेमतेम. पुढे बुटांचे कारखाने बंद पडले, पण परभाषिकांचं येणं काही थांबलं नाही. डॉमिनिकन रिपब्लिक, ग्वाटेमाला, कंबोडिया... लिनच्या शाळांत आज ही मुलं आहेत.

तिथे २००४ साली 'किप अकॅडमी लिन' ही पाचवी ते आठवीची चार्टर शाळा सुरू झाली. 'किप' म्हणजे 'नॉलेज इज पॉवर प्रोग्रॅम'. माइक फाइनबर्ग आणि डेव्ह लेव्हिन या दोन तरुण शिक्षकांनी १९९४ साली ह्यूस्टनमध्ये पाचवीच्या एका वर्गापासून ही चळवळ सुरू केली. सकाळी साडेसातपासून संध्याकाळी पाचपर्यंत शाळा, काही शनिवारी शाळा, उन्हाळ्यात शाळा, आणि शिस्त कडक. आपल्या जुन्या मास्तरांना आवडली असती! ही शिस्त लहान मुलांना फार काचते अशी टीका पुढे झाली, आणि २०२० साली 'किप'ने आपलं जुनं घोषवाक्यही मागे घेतलं. तो वेगळा विषय.

लिनच्या शाळेला पहिल्या वर्षी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या नाहीत, तेवढे अर्जच नव्हते. २००५ पासून मात्र गर्दी झाली. जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या सोडतींचा अभ्यास करून २०१२ साली तो प्रसिद्ध केला. यांतल्या अँग्रिस्टना २०२१ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते अशाच प्रकारच्या 'निसर्गाने आपोआप मांडून दिलेल्या' प्रयोगांतून कार्यकारण शोधण्याच्या पद्धतीसाठी.

ही शाळा निवडण्याचं कारण म्हणजे तिथली मुलं. चार्टर शाळांवर नेहमीचा आरोप असा की त्या इंग्रजी न येणारी आणि विशेष गरजा असलेली मुलं घेत नाहीत, मग निकाल चांगला लागणारच. लिनच्या शाळेत मात्र बहुसंख्य मुलं स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली, आणि इंग्रजी कच्चं असलेल्यांचं नि विशेष शिक्षणाची गरज असलेल्यांचं प्रमाण भरपूर.

निकाल काय आला? त्या शाळेत काढलेल्या दर वर्षामागे गणितात ०.३५ आणि वाचनात ०.१२ प्रमाण विचलनाइतकी वाढ. हे शब्द ऐकून माझे विद्यार्थी जांभया देतात, म्हणून सोपं करून सांगते. गुणांच्या क्रमाने शंभर मुलं ओळीत उभी करा. मधोमध, पन्नासाव्या जागी उभं असलेलं मूल एका वर्षात गणितात साधारण चौसष्टाव्या जागी जाऊन उभं राहतं. वाचनात पंचावन्नाव्या. शिक्षणाच्या क्षेत्रात एका वर्षात चौदा पायऱ्या म्हणजे थट्टा नाही. वर्गातली मुलं कमी करा, पुस्तकं बदला, संगणक द्या, एवढा फरक सहसा पडत नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. हा फायदा सगळ्यांना सारखा झाला नाही. ज्यांची सुरुवात मागून झाली होती, ज्यांना विशेष शिक्षणाची गरज होती, ज्यांचं इंग्रजी कच्चं होतं, त्यांना जास्त झाला. वाचनातली वाढ तर जवळजवळ सगळी इंग्रजी कच्चं असलेल्या मुलांचीच होती. म्हणजे ज्या मुलांमुळे 'निकाल खाली येतो' म्हणून शाळा त्यांना टाळतात, त्याच मुलांवर शिकवण्याची मेहनत सर्वांत जास्त फळाला आली!

असं का व्हावं? मला वाटतं, ज्याच्या घरात शाळेची भाषा नाही त्याला ती फक्त शाळेतच मिळते. शाळा नऊ तास झाली तर त्याचं ताट भरतं. ज्याच्या घरी रात्री जेवतानाही तीच भाषा, त्याला जास्तीच्या दोन तासांचं एवढं काय? आपल्याकडे घरात मराठी, अंगणात कन्नड, शाळेत इंग्रजी अशी तीन ताटं वाढलेली मुलं आहेत. त्यांच्या घरात इंग्रजीचं ताट रिकामंच असतं, आणि ते भरायला आपण ट्यूशनला पाठवतो. ट्यूशनची फी ज्यांना जमत नाही त्यांचं काय, हे इस्त्रीवाल्या मामांना विचारा.

इथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी, नाहीतर कुणीतरी हाच लेख दाखवून म्हणेल, बघा, सरळ इंग्रजीत घातलेलं बरं. अभ्यासातून तसं निघत नाही. मॅसॅच्युसेट्स हे मुलांना काही काळ घरच्या भाषेत शिकवण्याचा कायदा करणारं पहिलं राज्य, १९७१ सालचं. पण २००२ साली तिथल्या मतदारांनी तो प्रकार बंद करून सगळ्यांना इंग्रजी वर्गात बसवण्याचा कौल दिला, आणि २०१७ साली नवा कायदा होईपर्यंत बहुतेक सरकारी शाळांत तेच चाललं. म्हणजे चिठ्ठी लागलेली मुलंही इंग्रजीत शिकत होती, न लागलेलीही बहुतेक इंग्रजीतच. तुलना दोन शाळांची झाली, दोन माध्यमांची नव्हे. मराठी शाळा की इंग्रजी शाळा, किंवा कन्नड शाळा की इंग्रजी शाळा, या आपल्या वादावर लिनची मुलं साक्षीला येऊ शकत नाहीत.

आता विद्यार्थिनीने पाठवलेल्या माहितीपत्रकाकडे येते. मॅसॅच्युसेट्सच्या प्रत्येक सरकारी शाळेबद्दल असे रकाने जाहीर असतात: गोरी, काळी, हिस्पॅनिक, आशियाई मुलं किती टक्के, प्रथम भाषा इंग्रजी नसलेली किती, इंग्रजी अजून शिकत असलेली किती, कमी उत्पन्न गटातली किती, अपंगत्व असलेली किती. आपल्या फ्लेक्सवर यातलं काहीही नसतं, जातीची मोजणी सरकारी फॉर्मवर असते तेवढीच. एवढी माहिती उघड ठेवतात याबद्दल त्यांचं कौतुक. पण रकाने वाचायलाही शिकावं लागतं.

'प्रथम भाषा इंग्रजी नाही' आणि 'इंग्रजी शिकत असलेले' हे दोन रकाने बघा. पहिला शिक्का कायमचा, मूल पुढे कितीही सराईत झालं तरी. दुसरा तात्पुरता, चाचणीत पास झालं की मूल त्या यादीतून बाहेर. म्हणजे या गटातली जी मुलं उत्तम शिकली ती गटातून निघून जातात आणि मागे राहतात नवी आलेली किंवा अडखळणारी. साहजिकच या रकान्यासमोरचे गुण कायम वाईट दिसतात, शाळा कितीही चांगली असो! रुग्णालयातली माणसं कायम आजारीच का, असं विचारण्यापैकी हे आहे.

गरिबीचा रकानाही असाच फसवा. पूर्वी सवलतीच्या दुपारच्या जेवणाचा फॉर्म भरणारी मुलं म्हणजे गरीब मुलं, असं मोजत. पुढे गरीब वस्तीतल्या शाळांत सरसकट सगळ्यांनाच फुकट जेवण देण्याची योजना आली, फॉर्मच बंद झाले. मॅसॅच्युसेट्सने २०१५ साली मोजण्याची पद्धत बदलली, सरकारी मदत योजनांत नाव असलेल्या कुटुंबांचीच मुलं धरू लागले, आणि कागदावर गरिबी एकदम घटली. माणसं तीच, चूल तीच, आकडा वेगळा. पुढे व्याख्या पुन्हा बदलली. दोन वेगळ्या वर्षांचे तक्ते शेजारी ठेवून 'ही शाळा श्रीमंत होत चालली' असं म्हणणाऱ्याने आधी तळटीप वाचावी.

'आशियाई' या रकान्याचं तर काय सांगावं! लिनमध्ये आशियाई म्हणजे बऱ्याच अंशी कंबोडियातून निर्वासित होऊन आलेल्यांची नातवंडं. तिकडे दूर ॲरिझोनात, चँडलरला इंटेलचे कारखाने आहेत, तिथे आशियाई म्हणजे आपल्याकडून गेलेल्या इंजिनिअरांची मुलंही. एकच रकाना, एकच शब्द. ॲरिझोनात 'बेसिस' नावाच्या चार्टर शाळा आहेत, १९९८ साली ट्युसॉनला सुरू झालेल्या. एका नामांकित अमेरिकी प्रकाशनाच्या हायस्कूलांच्या यादीत २०१७ आणि २०१८ या दोन्ही वर्षी पहिले तीन क्रमांक त्यांचे होते. त्याही चार्टर, त्यांच्याही चिठ्ठ्याच. पण अभ्यासक्रम असा की पाचवी-सहावीपासून दमछाक, आणि वरच्या वर्गात जाईपर्यंत पट पुष्कळ आटलेला. मुलाला रोज गाडीने सोडणारे आणि डबा देणारे आईवडील असतील तरच तिथे निभाव. ही शाळा वाईट म्हणायची नाही. पण 'बेसिस' पहिली आली आणि लिन नाही, म्हणून 'बेसिस'चे शिक्षक चांगले, हे कुठल्या तर्काने?

वाचकहो, मी चार्टर शाळांची जाहिरात करायला बसले नाही. २०१० साली अमेरिकी शिक्षण खात्यासाठी झालेल्या एका मोठ्या अभ्यासात १५ राज्यांतल्या ३६ चार्टर मिडल स्कूल घेतल्या होत्या, पद्धत हीच चिठ्ठ्यांची. सरासरी काढली तर फरक जवळजवळ शून्य! मात्र आत शिरून पाहिलं तेव्हा शहरातल्या गरीब मुलांना घेणाऱ्या शाळांत गणितात फायदा झालेला, आणि सुखवस्तू मुलांच्या शाळांत उलट तोटा. दोन्ही मिळून शून्य. सरासरी ही अशी चीज आहे: एक पाय चुलीत, एक पाय बर्फात, आणि माणूस सरासरीने सुखात.

आणि गळतीचं काय? कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या चार 'किप' शाळांत २००३-०४ साली पाचवीत दाखल झालेल्या मुलांपैकी ६० टक्के आठवी पूर्ण होण्याआधीच सोडून गेली, असं २००८ च्या एका अहवालात आलं होतं. शंभरातली साठ! पुढे देशभरातल्या 'किप' शाळा पाहिल्यावर असं दिसलं की गळती शेजारच्या सरकारी शाळांपेक्षा फार वेगळी नव्हती, कारण गरीब वस्तीत घर बदललं की शाळाही बदलते. पण रिकाम्या जागी सातवी-आठवीत नवी मुलं घेण्याचं प्रमाण 'किप'मध्ये कमी होतं, आणि घेतलेली मुलं बऱ्यापैकी तयारीची होती. सरकारी शाळेला ती सोय नाही. मार्च महिन्यात कुणी ट्रकमधून सामान उतरवून दारात उभं राहिलं तरी तिने पाट मांडायचाच. आपल्या सीमाभागातल्या सरकारी शाळांना ऊसतोड मजुरांच्या मुलांचा हा अनुभव आहेच.

चिठ्ठ्यांच्या अभ्यासाचीही एक मर्यादा आहे, ती विसरू नये. जिथे गर्दी, तिथेच चिठ्ठ्या. ज्या शाळेकडे कुणी फिरकत नाही तिचा हिशेब यात येत नाही. आणि ज्या पालकांनी अर्जच केला नाही, त्यांच्या मुलांचं तिथे काय झालं असतं हेही या पद्धतीतून निघत नाही. अर्ज न करणारे पालक कोण असतात? ज्यांना तारीख कळली नाही, फॉर्म वाचता आला नाही, ज्यांची रजा मंजूर झाली नाही ते. मॅसॅच्युसेट्सने २०१० साली कायदाच केला, की चार्टर शाळांनी इंग्रजी कच्चं असलेली आणि विशेष गरजा असलेली मुलं कशी शोधून आणणार आणि कशी टिकवणार याची योजना लेखी द्यायची. 'टिकवणार' हा शब्द मला फार आवडला.

तरीही २०१६ साली चार्टर शाळांची संख्या वाढवायची का, असा प्रश्न त्या राज्यातल्या मतदारांना विचारला तेव्हा साधारण ६२ टक्क्यांनी नको म्हटलं. मूल चार्टर शाळेत गेलं की त्याच्या मागे पैसाही जातो, मग उरलेल्या मुलांच्या शाळेचं छप्पर कोण शाकारणार, ही त्यांची भीती. ती खोटी नाही. माझ्या विद्यार्थिनीच्या शेजारणीने म्हणे तिला हेच सांगितलं: तुझ्या मुलाला चांगली शाळा मिळेल, माझ्याला काय मिळेल?

आठवीनंतरचं एक सांगून टाकते. 'किप'च्या मिडल स्कूलांत सोडतीने गेलेल्या मुलांचा माग पुढे कॉलेजपर्यंत काढला गेला. २०२३ साली आलेल्या अहवालानुसार, नुसती मिडल स्कूल करून पुढे दुसरीकडे गेलेल्यांना पदवी मिळवण्यात ठळक फायदा दिसला नाही. ज्यांना त्याच संस्थेचं हायस्कूलही मिळालं, त्यांच्यात मात्र तो मोठा होता. चार वर्षं टेकू दिला आणि काढून घेतला तर वेल खाली येते, हे आपल्या परसातल्या दोडक्यालाही कळतं.

विद्यार्थिनीने शेवटी काय केलं? तिने फोनवर एक गंमत सांगितली. शाळेच्या फॉर्मवर 'घरात कोणती भाषा बोलता' हा प्रश्न असतो. तिच्या ओळखीचे बरेच भारतीय पालक तिथे बेधडक 'इंग्रजी' लिहितात, मुलाला कच्च्या मुलांच्या वर्गात बसवतील या भीतीने. तिनेही आधी तेच लिहिलं होतं. मुलगा आजीशी मराठीत भांडतो, वडिलांकडे कन्नडमध्ये तक्रार करतो, आणि फॉर्मवर इंग्रजी! मी तिला लिनची गोष्ट सांगितली. तिने फॉर्म बदलून घेतला, एकाऐवजी दोन भाषा लिहिल्या. मुलाची चाचणी झाली, इंग्रजी उत्तम निघालं, प्रश्न मिटला. आता तो 'प्रथम भाषा इंग्रजी नाही' या रकान्यात आहे आणि शाळेच्या त्या टक्केवारीत एका मुलाची भर पडली आहे.

आपल्याकडेही चिठ्ठ्या होत्या. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा सोडतीने भरत, आणि बेळगावातल्या कितीतरी रिक्षावाल्यांची, धुणंभांडी करणाऱ्या मावशींची मुलं त्यातून मोठ्या शाळांत गेली. पुढे कर्नाटकाने नियम बदलला. घराजवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेतली ती जागा नाही. त्यामुळे २०१९ पासून या जागा फारच आटल्या. महाराष्ट्राने २०२४ साली तसाच बदल केला तो मुंबई उच्च न्यायालयाने रद्द ठरवला. आपल्याकडच्या त्या आधीच्या वर्षांतली चिठ्ठी लागलेली मुलं आता दहावी-बारावीला पोचली आहेत, न लागलेलीही. याद्या सरकारदरबारी आहेत, एस.एस.एल.सी.चे गुणही सरकारदरबारी. एम.ए.च्या एखाद्या चुणचुणीत मुलाला प्रबंधासाठी यापेक्षा चांगला विषय मी देऊ शकत नाही.

इस्त्रीवाल्या मामांना मी शाळेचं नाव सांगितलं नाही. त्यांना म्हटलं, ज्या शाळेचा फलक आवडला तिथल्या ऑफिसात जाऊन दोनच आकडे विचारा: आता दहावीला बसलेली मुलं आठवीत होती तेव्हा पट किती होता, आणि परीक्षेला किती बसली? मराठीत विचारा नाहीतर कन्नडमध्ये. मामा दोन शाळांत जाऊन आले. एका ठिकाणी क्लार्कने सांगितलं, साहेब नाहीत. दुसरीकडे हेडबाईंनी हजेरीपटच उघडून दाखवला: आठवीत ४३, परीक्षेला ४२, एक मुलगी लग्न होऊन गेली, तिला परत आणायचा प्रयत्न चालू आहे. निकाल ८८ टक्के.

वाचकांनीही आपापल्या शाळेचे हे दोन आकडे मला साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर कळवावेत. शाळेचं नाव नाही दिलं तरी चालेल, माध्यम तेवढं लिहा.